भागधारक : बारामती-इंदापूरच्या बोलीत साठलेली संपत्ती

पावसाळा सरत आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या सभासद शेतकऱ्यांच्या घरी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल येतो. ताळेबंदात ‘भांडवल व देणी’ या मथळ्याखाली भागभांडवलाची नोंद असते. बहुतेक घरांत ते पान उलटले जाते आणि नजर थेट उसाच्या दरावर, साखर उताऱ्यावर आणि गाळपाच्या आकड्यांवर जाते. पण त्या एका शब्दापाशी थोडे थांबावे, इतके त्यात दडलेले आहे. त्यातल्या ‘भाग’ या शब्दाची भावंडे पार बाल्टिक समुद्राच्या काठी, लॅटव्हिया नावाच्या छोट्या देशात नांदत आहेत.

लॅटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत आहे आणि रीगा ही त्याची राजधानी. बाल्टिक कुळातल्या दोनच भाषा आज जिवंत उरल्या आहेत, लिथुएनियन आणि लॅटव्हियन. दोन्ही संस्कृतच्या दूरच्या नात्यातल्या. लॅटव्हियनमध्ये देवाला ‘दिएव्स’ म्हणतात, हे ऐकले की नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या भाषेत श्रीमंत माणसाला शब्द आहे ‘बगात्स’ आणि श्रीमंतीला ‘बगातीबा’. हा शब्द तिथे शेजारच्या स्लाव्ह भाषांकडून आला. त्याच्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतातला ‘भज्’, म्हणजे वाटून देणे. त्यातूनच आपले भाग, भाग्य, भगवान, विभक्त हे सगळे शब्द निघाले. ज्याच्या वाट्याला भरपूर आले तो बगात्स, आणि आपल्याकडे तो भाग्यवान.

याहून चकित करणारा शब्द गरिबाचा आहे. लॅटव्हियनमध्ये गरिबाला ‘नबग्स’ म्हणतात. हाही स्लाव्ह भाषांतून आलेला. त्यातला पहिला तुकडा नकाराचा आणि उरलेला तोच ‘भग’. म्हणजे ज्याला वाटा नाही तो. मराठीत आपण ‘अभागी’ म्हणतो ते अक्षरशः हेच. हजारो मैलांवर, एकमेकांची गाठभेट नसताना, दोन शेतकरी समाजांनी दारिद्र्याची व्याख्या एकाच रीतीने केली. अभागी म्हणजे आळशी नव्हे, उधळा नव्हे. वाटणीत ज्याचे नाव आले नाही तो.

लॅटव्हियनमध्ये सधन माणसासाठी आणखी एक शब्द आहे, ‘तुरीग्स’. तो ‘धरणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झाला. आपल्याकडेही ‘तो चार पैसे बाळगून आहे’ असे म्हणतातच. आता पुन्हा अहवालाकडे वळू. सभासदाला कागदोपत्री म्हणतात ‘भागधारक’. पहिल्या अर्ध्यात बगात्सचे सख्खे नाते आणि दुसऱ्या अर्ध्यात तुरीग्सचा अर्थ. धारक आणि तुरीग्स यांचे मूळ एक नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण कल्पना एकच आहे. लॅटव्हियन माणसाने श्रीमंतीचे जे दोन शब्द वेगवेगळे ठेवले, ते आपल्या सहकारी संस्थांच्या मराठीत एका शब्दात शेजारी शेजारी बसले आहेत.

इंग्रजीचे श्रीमंतीचे शब्द उघडून पाहिले तर तिथेही आपलीच माणसे भेटतात. ‘रिच’ या शब्दाचे मूळ राजा या अर्थाच्या जुन्या केल्टिक शब्दात आहे आणि तो आपल्या ‘राजन्’चा भाऊ. मुलांच्या शाळेची आपण भरतो ती ‘फी’ मुळात गुरेढोरे या अर्थाची, आणि ‘पशु’ या शब्दाच्या कुळातली. लॅटिनमधला पैशाचा शब्दही जनावरांवरूनच झाला. ज्यांना हे नवलाचे वाटेल त्यांनी आपल्या तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्याची पाटी वाचावी : पशुधन विकास अधिकारी. गाय-म्हैस हे धन आहे, ही गोष्ट इंग्रजी आणि लॅटिन यांनी शब्दाच्या पोटात ठेवली आणि मराठीने पाटीवर लिहिली. सोन्याचा लॅटव्हियन ‘झेल्ट्स’, इंग्रजी ‘गोल्ड’ आणि पूजेच्या संकल्पात आपण उच्चारतो ते ‘हिरण्य’, ही तिन्ही एकाच मुळाची.

‘वेल्थ’ हा शब्द मात्र मला सर्वांत आवडतो, कारण तो सोने-नाणे सांगत नाही, सुस्थिती सांगतो. बरे असणे, क्षेम असणे, हा त्याचा मूळ अर्थ. याला कोशात ‘संपत्ती’ असा प्रतिशब्द मिळतो. पण सोयरीक जुळवताना आमच्याकडची वडीलधारी मंडळी जे म्हणतात ते त्याच्या अधिक जवळचे आहे : “घर खाऊनपिऊन सुखी आहे.” त्यात एकराचा आकडा नाही, बँकेतली शिल्लक नाही. तरी ऐकणाऱ्याला सगळे कळते.

या दोन तालुक्यांत घर सुखी की ओढगस्तीचे, हे आधी पाण्याने ठरते. बारामतीच्या दक्षिणेला नीरा नदी आणि तिचा डावा कालवा. तो पट्टा बागायती. सुपे, मोरगावकडचा भाग जिरायती. शब्द दोन्ही बाहेरून आले. ‘जिरायत’ अरबीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ नुसता ‘शेती’ एवढाच. ‘बागायत’ फारसी ‘बागे’तून आला. अरबी-फारसी बोलणाऱ्यांनी शेती आणि बाग असा फरक केला; आपल्या दुष्काळी पट्ट्यात त्याचा अर्थ झाला पावसावर जगणारा आणि पाटाच्या पाण्यावर जगणारा. ‘बागायतदार’ म्हटले की माणसाची जमीनच नव्हे, त्याचा आवाज, त्याची बैठक आणि पाहुण्यांत त्याला मिळणारा मान, सगळेच डोळ्यांपुढे येते.

जिरायती भागातली जुनी श्रीमंती दाण्यात आणि वैरणीत मोजली जायची. ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवत. पेवे आता राहिली नाहीत, पण ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग शहरातली माणसेही रोज वापरतात, त्यातले धान्य न पाहता. ‘गंज’ हा शब्दही असाच. फारसीत गंज म्हणजे खजिना. आपल्याकडे कडब्याची गंज. ज्याच्या दारात उन्हाळ्यातही गंज उभी, त्याची जनावरे जगली आणि तोही जगला. त्या घरापुरता तो खजिनाच होता. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मोजणी सुरू होते ती आकड्याने नव्हे, शुभ शब्दाने. हा ‘लाभ’ कुठल्याही ताळेबंदात सापडणार नाही.

रोख पैशाचे शब्द तर दूरदूरचा प्रवास करून आले. ‘दाम’ हा ग्रीकांच्या ‘द्राख्मा’ नाण्यापासून. तो संस्कृतात ‘द्रम्म’ झाला, शिलाहार-यादवांच्या काळातल्या कोरीव लेखांत द्रम्म म्हणूनच आढळतो आणि पुढे दाम, दमडी असा लहान होत गेला. ‘होन’ कन्नडातल्या सोन्यापासून आला. ‘रक्कम’ अरबीतली, तिथे तिचा अर्थ लिहिलेला आकडा. ‘दौलत’ही अरबी, फिरणे या अर्थाच्या धातूपासून झालेली, आज याची पाळी, उद्या त्याची. म्हणून मराठी कागदपत्रांत दौलत म्हणजे राज्यही आणि दौलत म्हणजे पैसाही.

राज्य आणि पैसा एकमेकांत किती गुंतलेले होते, याचे उदाहरण बारामतीतच आहे. कऱ्हाकाठी वाडा असलेले बाबूजी नाईक बारामतीकर हे अठराव्या शतकातले मोठे सावकार. 1740 मध्ये थोरले बाजीराव वारले तेव्हा पेशवाईची वस्त्रे कोणाला द्यायची हा प्रश्न निघाला. रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले. बाजीरावांच्या मोहिमांना कर्ज देणाऱ्यांत हे नाईक होते. शाहू महाराजांनी बाळाजी बाजीरावांनाच पेशवे केले आणि ‘श्रीमंत’ ही पदवी पुण्यातच राहिली. पण पेशव्याचा धनको पेशवेपदाचा उमेदवार होऊ शकतो, एवढी बारामतीच्या पेढीची ताकद होती. याच नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत होते. पन्हाळ्याला जन्मलेला हा पंडितकवी (1729–1794) बारामतीकर झाला, तो एका सावकाराच्या उदारपणामुळे. ‘आर्याभारत’ आणि ‘केकावली’ वाचणाऱ्यांनी हे ऋण विसरू नये.

‘सावकार’ या शब्दाचे मूळ ‘साधुकार’. त्यातला ‘साव’ म्हणजे सचोटीचा, चोराच्या नेमका उलट. आणि ‘व्याज’? संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, निमित्त, कपट. शाळेत व्याजस्तुती अलंकार शिकलेल्या प्रत्येकाला हा अर्थ माहीत आहे : स्तुतीचा बहाणा आणि आतून निंदा. निर्व्याज प्रेम म्हणजे ज्यात कपट नाही असे प्रेम. तोच शब्द कर्जावरच्या वाढीला लागला. सचोटीचा माणूस आणि त्याने लावलेले निमित्त, हे दोन शब्द शतकानुशतके एकाच पेढीवर बसले आणि शेतकरी दोघांसमोर बसला. 1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला, 1857 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तो कोश म्हणजे मराठीवरचे मोठे उपकार आहेत. पण ‘व्याज’ या शब्दाचे खरे स्पष्टीकरण सुधारलेली आवृत्ती निघाल्यानंतर अठरा वर्षांनी सुप्यात झाले.

त्याची सुरुवात इंदापुरात होते. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जो शेतसारा बसवला तो इंदापूर परगण्याला पेलला नाही. शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने पाहणी केली आणि 1836 मध्ये इंदापुरात 30 वर्षांसाठी नवा सारा लागू केला. पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात जी रयतवारी पाहणी गाजली तिची पहिली शेते इंदापूरची. पड जमीन पुन्हा लागवडीखाली आली. 30 वर्षे सरल्यावर, 1867 च्या सुमारास, फेरपाहणी झाली आणि सारा चांगलाच वाढला. त्याआधीच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेतकरी मागेल तेवढे सावकार देत होता. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, सारा वाढला आणि कर्ज तसेच राहिले.

तसेच राहिले असे म्हणणेही चूक. ते वाढत गेले, आणि कसे वाढले हे नीट पाहण्यासारखे आहे. हिंदू धर्मशास्त्रात ‘दामदुप्पट’ नावाचा नियम होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभराचे फार तर दोनशे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही हा नियम मानला होता. ‘मुद्दल’ हा शब्द अभ्यासक दक्षिणेकडच्या भाषांशी जोडतात. तमिळमध्ये ‘मुदल’ म्हणजे पहिला आणि भांडवलही. जे पहिल्यांदा हातात पडले ते मुद्दल. पण 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे केले. शेतकऱ्याचे रक्षण व्हावे असा त्याचा हेतू. झाले उलट. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून मांडू लागला.

समजा, शेकडा दरमहा दोन रुपये दराने कोणी 100 रुपये काढले. तीन वर्षांनी व्याज 72. नवे खत 172 रुपयांचे. आणखी तीन वर्षांनी त्यावर सुमारे 124 रुपये व्याज, एकूण 296. सहा वर्षांत शंभराचे जवळजवळ तिप्पट झाले, तरी दामदुप्पट मोडली असे दाखवता येत नाही, कारण कागदावरचे मुद्दल 172 आहे. ‘पहिले’ या शब्दाचा अर्थच दर तीन वर्षांनी बदलला. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते; खत मोडीत, वर अंगठा त्याचा.

12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या आणि आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. दंगल पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरली. इतिहासात तिला दख्खनचे दंगे म्हणतात. लूट झाली, आगी लागल्या. पण मागणी सगळीकडे एकच होती : खते द्या, रोखे द्या, वह्या द्या. जिथे सावकाराने कागद हवाली केले तिथे जमाव सहसा माघारी फिरला. सावकाराच्या घरात दागिने होते, धान्य होते. तरी लोकांनी कागद मागितला. आपले धन कशात अडकले आहे, हे त्या निरक्षर माणसांना अचूक ठाऊक होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन सुरुवातीपासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. मूळ मुद्दल किती, हे पुन्हा विचारता येऊ लागले. सुप्याचा मोठा विजय मला यात दिसतो.

यानंतर या भागाच्या बोलीत एका शब्दाचे वजन वाढले : पत. पत म्हणजे अब्रू आणि पत म्हणजे कर्ज मिळवण्याची लायकी. मराठीने दोन्हींसाठी एकच अक्षरजोडी वापरली. इंग्रजी ‘क्रेडिट’ लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या क्रियापदावरून आला आणि त्याचे आपले रूप आहे ‘श्रद्धा’. 1904 च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानंतर ही श्रद्धा एका सावकाराकडून गावाच्या संस्थेकडे सरकू लागली.

दुसरीकडे नीरेचे पाणी आले. भाटघरचे धरण आणि वीरचा बंधारा यांच्या आधाराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर असा वाहू लागला. ज्या इंदापुरातून शेतकरी जमीन टाकून गेले होते, तिथेच 1930 च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबजवळ साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर उभे केले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने निघाले. त्यासाठी शेतकऱ्यांनी पैसे भरले आणि त्या पैशाला नाव मिळाले भागभांडवल. ‘भांडवल’ हा शब्द ‘भाण्डमूल्य’ यातून आलेला, म्हणजे व्यापाऱ्याच्या मालात गुंतलेले मोल. व्यापाऱ्याच्या या शब्दाला शेतकऱ्याने आपला ‘भाग’ जोडला. ज्याच्या आजोबाने सुप्यात खत जाळले असेल, त्याचा नातू स्वतः एका कागदाचा धारक झाला.

मात्र साखर पट्ट्यातला एक शब्द असा आहे की त्यावर हे समाधान अडते. तो शब्द ‘उचल’. उसाच्या दराचा पहिला हप्ता कारखाना देतो, त्याला शेतकरी ‘पहिली उचल’ म्हणतो. पहिली उचल किती, यावर आंदोलने होतात, सभा गाजतात. ऊस पुरवल्यापासून 14 दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे द्यावेत, असा कायदा आहे. ही उचल म्हणजे येणे. त्याच फडात बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) इकडून आलेली ऊसतोड टोळी असते. हंगामाआधी मुकादमाकडून तिने पैसे घेतलेले असतात आणि त्यालाही ‘उचल’च म्हणतात. ही उचल म्हणजे देणे. हंगामभर तोडणी करून ती फेडायची, फिटली नाही तर पुढच्या हंगामावर टाकायची. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. दोन माणसांचा हिशेब एका हत्याराच्या नावाने होतो. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे एकच शब्द, एकीकडे मिळकत आणि दुसरीकडे कर्ज. कोशात ‘उचल’पुढे एकच अर्थ लिहून भागणार नाही. आणि पुढच्या हंगामावर गेलेल्या उचलीत मला सुप्याचे नवे खत दिसते.

नवे शब्द घडतच आहेत. पुण्याच्या भोवताली जमिनी विकून एकाएकी पैसा आलेल्यांना लोक ‘गुंठामंत्री’ म्हणू लागले. एकराचा चाळिसावा हिस्सा, 1089 चौरस फूट, एवढ्या मापातून हा शब्द उगवला. जुना ‘गर्भश्रीमंत’ आणि हा नवा गुंठामंत्री यांच्या मधल्या काळात जमिनीचे मोल पिकावरून जागेवर आले. दुसऱ्या टोकाला ‘अठराविश्वे दारिद्र्य’ अजून बोलण्यात आहे : 18 वेळा वीस, म्हणजे 360, वर्षातला प्रत्येक दिवस.

या शब्दांचे जुने पुरावे अजून आपल्या घरांत आहेत. माळ्यावरच्या पेटीत, देवघराच्या फडताळात, फडक्यात बांधलेली मोडीतली खते, रोखे, खतावणीची पाने, कारखान्याचे पहिले भागदाखले. कोणाला वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत जातात किंवा वाळवी लागून संपतात. बारामती, इंदापूर, सुपे, निमगाव केतकी, बावडा, कुठलेही गाव असो, असा कागद हाती लागला तर तो टाकू नका. कोरड्या जागी ठेवा, त्याचे छायाचित्र घ्या, मोडी वाचणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून असे कागद सांभाळते आहे. आणि घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल तर त्यांना विचारा, धान्य मोजताना दुसऱ्या मापाला काय म्हणत. उत्तर लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत.